कॅल्क्युलेटर नेमका राहतो कुठे?

विंडोजच्या संगणकावर सी ड्राइव्ह उघडा, त्यात विंडोज नावाचं फोल्डर, त्याच्या आत सिस्टिम32. हजारो फायलींच्या त्या गर्दीत कॅल्क.ईएक्सई नावाची एक फाइल सापडेल. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की कॅल्क्युलेटर समोर हजर. चला, पत्ता सापडला!

पण संगणकावर विंडोज 10 किंवा 11 असेल, तर या फायलीचा आकार बघा. जेमतेम काही किलोबाइट. बेरीज-वजाबाकी, त्रिकोणमिती, चलनांची अदलाबदल, आलेख, हे सगळं एवढ्याशा जागेत मावेल कसं? मावत नाहीच. ही फाइल म्हणजे कॅल्क्युलेटर नव्हे. विंडोज एक्सपीच्या काळात खरा कॅल्क्युलेटर इथंच राहायचा. 2015 साली विंडोज 10 आलं आणि कॅल्क्युलेटरनं बिऱ्हाड हलवलं. आता जुन्या पत्त्यावर जी फाइल आहे तिचं काम एकच: कुणी हाक मारली की खऱ्या कॅल्क्युलेटरला उठवायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

खऱ्याचं घर आहे प्रोग्राम फाइल्सच्या आत, विंडोजॲप्स नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. ते उघडायला जा. तुम्ही त्या संगणकाचे ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी विंडोज दारातच अडवतं, कारण त्या फोल्डरची मालकी तुमच्याकडे नसून ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या विंडोजच्याच एका सेवेकडे असते. आतल्या फोल्डरचं नावही लांबलचक. आधी मायक्रोसॉफ्ट, मग विंडोजकॅल्क्युलेटर, मग आवृत्तीचा आकडा, मग प्रोसेसरचा प्रकार, आणि शेवटी तेरा अक्षर-अंकांचं एक शेपूट, जे वाचताना कुणीतरी कीबोर्डवर झोपून गेल्यासारखं वाटतं. ते निरर्थक नाही. प्रकाशकाची ओळख, म्हणजे कंपनीचं नाव, शहर, राज्य, देश, एका गणिती चक्कीतून काढून जो भुगा उरतो त्यातून ते शेपूट तयार होतं. दुसऱ्या कुणी त्याच नावाचं ॲप काढलं तरी शेपूट वेगळं येणार.

मग जुन्या जागी ती चिमुकली फाइल ठेवायचं कारण काय? कारण कॅल्क हे नाव जगाच्या बोटांत बसलेलं आहे. लोक ते टाइप करतात. कार्यालयांतल्या जुन्या शॉर्टकटमध्ये ते आहे. कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या आणि आज लिहिणाराही विसरून गेलेल्या लहानसहान प्रोग्राममध्ये ते आहे. फोल्डरांची नावं आपल्या सोयीसाठी ठेवलेली असतात असं आपल्याला वाटतं, पण आपण ती क्वचितच वाचतो. ती वाचतात दुसरे प्रोग्राम, आणि ते ती पाठ करून ठेवतात. कुणी-कुणी काय पाठ केलंय याची यादी मायक्रोसॉफ्टकडे नाही, ॲपलकडे नाही, कुणाकडेच नाही. म्हणून एकदा रुळलेलं नाव पुसता येत नाही. व्यवस्था बदलायची झालीच तर ऑपरेटिंग सिस्टिमला जुनं नाव जागेवर ठेवून थाप मारावी लागते. या थापांमागे फिरत गेलं की संगणकाचा पन्नास वर्षांचा इतिहास हाती लागतो.

सगळ्यात भन्नाट थाप सिस्टिम32 मध्येच आहे. 1993 साली विंडोज एनटी आलं. त्याआधीचं विंडोज 16 बिटांचं, हे 32 बिटांचं. जुना संसार सिस्टिम नावाच्या फोल्डरात होता, म्हणून नव्याला नाव दिलं सिस्टिम32. अगदी सरळ हिशोब. पुढे 64 बिटांचे प्रोसेसर आले. आता सिस्टिम64 निघणार, असं कुणालाही वाटेल. पण तोवर असंख्य प्रोग्रामरांनी आपापल्या कोडमध्ये सिस्टिम32 हे नाव थेट लिहून ठेवलं होतं. तोच कोड 64 बिटांसाठी नव्यानं बांधला तरी चालायला हवा होता. म्हणून 64 बिटांच्या फायली ठेवल्या सिस्टिम32 मध्ये. आणि 32 बिटांच्या? त्या गेल्या सिसवाऊ64 नावाच्या फोल्डरात. त्यातल्या वाऊचा अर्थ आहे विंडोजवर विंडोज. थोडक्यात, ज्याच्या नावात 32 आहे त्यात 64 बिटांचा माल, आणि ज्याच्या नावात 64 आहे त्यात 32 बिटांचा.

एवढ्यावर भागत नाही. जुना 32 बिटांचा प्रोग्राम तर सिस्टिम32 च मागणार. त्याला तिथली 64 बिटांची फाइल दिली तर ती त्याला पचणार नाही. म्हणून विंडोज मध्ये उभं राहतं आणि अशा प्रोग्रामनं सिस्टिम32 म्हटलं की गुपचूप सिसवाऊ64 उघडून देतं. प्रोग्रामला पत्ता लागत नाही. एकाच क्षणी, एकाच संगणकावर, दोन प्रोग्राम एकाच नावाचं फोल्डर उघडतात आणि दोघांना वेगवेगळ्या फायली दिसतात. एखाद्या 32 बिटांच्या प्रोग्रामला खरंखुरं सिस्टिम32 बघायचंच असेल तर त्याच्यासाठी सिसनेटिव्ह नावाचं एक फोल्डर विंडोज व्हिस्टापासून आहे, आणि ते डिस्कवर कुठेही नसतं. फक्त नाव घेतलं की प्रकट होतं.

हे सगळं सुरू झालं ते फोल्डरच नसलेल्या जगातून. 1981 च्या पहिल्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, फोल्डर हा प्रकार नव्हता. 160 किलोबाइटच्या फ्लॉपीवर असून असून किती फायली असणार? सगळ्या एका पातळीवर. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि डॉस 2.0 नं फोल्डर आणले. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींनी आधीच अडवली होती, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळालं. आज फ्लॉपी पाहिलेला विद्यार्थी सापडणं मुश्कील, पण सी ड्राइव्हचा ए किंवा बी काही झाला नाही. पत्त्यातली ती मागे झुकलेली तिरकी रेघही तशीच. पुढे झुकलेली रेघ डॉसच्या आज्ञांमध्ये पर्याय लिहायला आधीच वापरून झाली होती, म्हणून फोल्डरांच्या वाट्याला उलटी आली.

डॉसच्या काळात ज्याला जिथं वाटेल तिथं तो प्रोग्राम मुक्काम ठोकायचा. विंडोज 95 नं सगळ्यांसाठी एकच वसतिस्थान ठरवलं: प्रोग्राम फाइल्स. त्या नावात मधे एक मोकळी जागा आहे, आणि त्या एका मोकळ्या जागेनं जे घडवलं ते मला अजूनही अजब वाटतं.

समजा, प्रोग्राम फाइल्समधला एखादा प्रोग्राम सुरू करायची आज्ञा कुणी अवतरणचिन्हांशिवाय लिहिली. आता विंडोजपुढे पेच. मोकळी जागा आली म्हणजे पत्ता संपला आणि पुढचे शब्द त्या प्रोग्रामला दिलेल्या सूचना आहेत, की पत्ता अजून चालूच आहे? विंडोज अंदाज घेत जातं. आधी बघतं, सी ड्राइव्हवर थेट प्रोग्राम.ईएक्सई नावाची फाइल आहे का? असेल तर तीच चालवतं आणि फाइल्सपासून पुढचं सगळं तिला सूचना म्हणून देतं. नसेल तरच मोकळ्या जागेच्या पलीकडे सरकून बघतं. म्हणजे कुणी त्या ठिकाणी त्या नावाची फाइल नेऊन ठेवली, तर भलताच प्रोग्राम चालू होणार. सुरक्षा तपासणाऱ्यांच्या याद्यांमध्ये ‘अवतरणचिन्ह नसलेला पत्ता’ हा दोष आजही असतो. सी ड्राइव्हच्या तोंडाशी प्रोग्राम एवढ्याच नावाची फाइल किंवा फोल्डर दिसलं, तर लॉगिन करताना विंडोज खास इशारा देतं आणि नाव बदलायला सुचवतं. शिवाय, जुन्या प्रोग्रामांना आठ अधिक तीन अक्षरांपलीकडचं नाव वाचताच येत नव्हतं. त्यांना विंडोज 95 प्रोग्रा~1 असं टोपणनाव सांगायचं: पहिली सहा रोमन अक्षरं, एक लाटेसारखं चिन्ह आणि एक आकडा. जुन्या संगणकांवर ते अजून भेटतं.

पुढची थाप व्हिस्टाची, 2007 ची. तोवर घरोघरचे लोक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच संगणक वापरत, आणि प्रोग्राम आपल्या नोंदी, खेळांतले गुण वगैरे खुशाल प्रोग्राम फाइल्समध्येच लिहीत. म्हणजे ज्या फोल्डरात प्रोग्रामचा मूळ कोड, तिथंच कुणीही काहीही लिहावं! व्हायरसला आणखी काय हवं? व्हिस्टानं तिथं लिहायला मनाई केली. पण जुन्या प्रोग्रामांना हे कोण सांगणार? त्यांना नकार मिळाला असता तर ते तिथल्या तिथं कोसळले असते. म्हणून विंडोज त्यांना ‘हो, लिहिलं’ म्हणतं आणि प्रत्यक्षात ती फाइल त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवतं. प्रोग्रामनं ती परत मागितली की तिथूनच काढून देतं. घरात दोघे जण एकाच संगणकावर आपापल्या लॉगिननं असाच एखादा जुना खेळ खेळत असतील, तर दोघांचे गुण वेगळे राहतात आणि खेळाला वाटत असतं की फाइल एकच आहे.

युनिक्सच्या घराण्यात शिरलं की नियम बदलतात, पण गोष्ट तीच राहते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1970 च्या सुमाराला युनिक्स उभं केलं. पीडीपी-11 या त्यांच्या यंत्राला जोडलेल्या डिस्क आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोपुढेही फिक्या पडतील. वेगवान होती ती अर्धा मेगाबाइटची, मोठी होती ती अडीच मेगाबाइटच्या आसपास. वेगवान डिस्कवर मूळ यंत्रणा, मोठीवर वापरकर्त्यांच्या फायली. या दुसऱ्या डिस्कला यूएसआर या फोल्डरात जोडलं जाई. थॉम्पसनचं घर तिथं केन या नावानं, रिचीचं डीएमआर या नावानं.

पण यंत्रणा वाढत गेली. पहिल्या डिस्कवरच्या बिन या फोल्डरात, म्हणजे जिथं चालवायचे प्रोग्राम ठेवत तिथं, जागा पुरेना. मग उरलेले प्रोग्राम वापरकर्त्यांच्या डिस्कवर यूएसआरच्या आत दुसरं बिन काढून तिथं पाठवले. आता प्रश्न असा, की कोणता प्रोग्राम कुठे ठेवायचा? इथं एक सुंदर अडचण होती. यंत्र सुरू होतं तेव्हा फक्त पहिली डिस्क हाताशी असते. दुसरी जोडायची तर त्यासाठी माउंट नावाचा प्रोग्राम लागतो. तोच दुसऱ्या डिस्कवर असला तर? किल्ली कुलपाच्या आत. म्हणून माउंटसारखी सुरुवातीला लागणारी अवजारं पहिल्या बिनमध्ये आणि बाकीची दुसऱ्यात.

वापरकर्त्यांची घरं कालांतरानं यूएसआरमधून बाहेर पडली. युनिक्सच्याच घराण्यातल्या लिनक्सवर ती आता होम या फोल्डरात असतात. अडीच मेगाबाइटच्या डिस्क संग्रहालयात गेल्या. पण दोन बिन राहिलेच, आणि त्यांच्याबरोबर दोन लिबही, म्हणजे प्रोग्रामांना सामाईक लागणाऱ्या कोडची फोल्डरं. 1994 साली लिनक्सवाल्यांनी कोणती फाइल कुठे असावी याचं पहिलं मानक काढलं, तेव्हा या दुहेरी रचनेला रीतसर कारणंही मिळाली. परिस्थितीनं लादलेल्या गोष्टीला मागाहून तत्त्वज्ञान चिकटवण्यात आपण माणसं पटाईत असतोच.

2012 साली फेडोरा 17 या लिनक्स वितरणानं हा गुंता सोडवायचं ठरवलं. सगळं यूएसआरच्या आत नेलं आणि बाहेरच्या बिनच्या जागी फक्त एक दिशादर्शक लिंक ठेवली. कुणी बिनमध्ये शिरलं की आपोआप यूएसआरमधल्या बिनमध्ये पोचतं. विंडोजच्या थापेचाच प्रकार, पण इथं ती राजरोस दिसते, फोल्डरची यादी मागितली की बाणासकट. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाला हेच करायला 2023 उजाडलं. उशीर आळसामुळे नव्हे. डेबियनचा जो कारकून कोणती फाइल कोणाची याची वही ठेवतो, त्या डीपीकेजीच्या दृष्टीनं बिनमधली फाइल आणि यूएसआरच्या बिनमधली फाइल या दोन वेगळ्या फायली. प्रत्यक्षात मात्र आता एकच. या गैरसमजातून फायली नाहीशा होऊ नयेत म्हणून डेबियनच्या लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातले आणि पॅकेजं तपासली.

आता लिनक्सवरचा कॅल्क्युलेटर शोधू. गनोम या डेस्कटॉपचा घ्या. तो एका जागी सापडतच नाही! मुख्य प्रोग्राम यूएसआर, बिन. त्याचं चित्र यूएसआर, शेअर, आयकॉन्स. मेन्यूत दिसण्यासाठीची नोंद यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स. माहितीपत्रक मॅन या फोल्डरात. आणि त्याचं मराठी? यूएसआर, शेअर, लोकेल, त्यात एमआर. या एमआर नावाच्या फोल्डरात एलसी_मेसेजेस, आणि त्यात त्या संगणकावरच्या ज्या-ज्या प्रोग्रामचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे त्या सगळ्यांच्या फायली शेजारी शेजारी. कॅल्क्युलेटरचं मराठी कॅल्क्युलेटरजवळ राहत नाही, इतर प्रोग्रामांच्या मराठीजवळ राहतं. शेअरमधल्याच फॉन्ट्स या फोल्डरात लोहित देवनागरी हा फॉन्ट असेल, तर सगळ्या प्रोग्रामांना देवनागरी अक्षरं तो पुरवू शकतो.

एकत्र कुटुंबात जशी सगळ्यांची पांघरुणं-गाद्या एका फळीवर आणि सगळ्यांची ताटं एका मांडणीत, तसाच हा कारभार. कोणाची वस्तू यापेक्षा वस्तू कोणत्या कामाची हे महत्त्वाचं. याचा फायदा केव्हा दिसतो? 2014 च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत, म्हणजे सामाईक कोडच्या संचात, हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं. सुरक्षित संपर्कासाठी जगभरचे सर्व्हर ती वापरत होते. ज्या लिनक्स यंत्रावर ती लायब्ररी सगळ्यांत मिळून एकच होती, तिथं ती बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू केले की सगळ्यांचं भोक एकदम बुजलं. ज्या प्रोग्रामांनी तिची स्वतःची प्रत पोटात बाळगली होती, त्यांना एकेकट्याला शोधून दुरुस्त करावं लागलं.

पण मग असा विखुरलेला प्रोग्राम काढून कसा टाकायचा? त्यासाठीच तो वहीवाला कारकून. व्हार, लिब, डीपीकेजी, इन्फो या फोल्डरात प्रत्येक पॅकेजची यादी साध्या मजकुरात पडलेली असते: अमक्याच्या फायली अमक्या-अमक्या ठिकाणी. एखादी अनोळखी फाइल दिसली आणि ती कोणाची विचारलं तर डीपीकेजी क्षणात सांगतो. विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत मात्र अनइन्स्टॉल नावाखाली पारंपरिक प्रोग्रामांची जी नोंद असते, तिच्यात मुख्यतः प्रोग्रामनं स्वतःच दिलेली, ‘मला काढायचं तर हे चालवा’ अशी आज्ञा असते. जाणाऱ्यानंच खोली झाडून जायची, आणि त्यानं किती झाडलं हे त्याच्या भलेपणावर. पारंपरिक विंडोज प्रोग्राम काढल्यावरही त्यांची फोल्डरं मागे का उरतात, याचं उत्तर बव्हंशी इथं आहे.

मॅकची तऱ्हा निराळी आणि माझ्या मते दिसायला सगळ्यात देखणी. तिथं कॅल्क्युलेटरचं चित्र म्हणजे एक फाइल वाटते, पण ते मुळात फोल्डर आहे, नावाच्या शेवटी .ॲप लावलेलं. त्यावर उजवं क्लिक करून पॅकेजमधला मजकूर दाखवायला सांगा. आत कन्टेन्ट्स, त्यात मॅकओएस या फोल्डरात खरा प्रोग्राम, रिसोर्सेसमध्ये चित्रं आणि भाषा, आणि इन्फो.पीलिस्ट ही ओळखपत्रासारखी फाइल. ही कल्पना स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिममधून आली. ॲपलनं नेक्स्ट विकत घेतली आणि 2001 च्या मॅक ओएस टेनमध्ये ती मॅकवर उतरली. बहुतेक ॲप काढायचं तर उचलून कचरापेटीत टाका, बस्स. अर्थात त्याच्या आवडीनिवडींच्या नोंदी लायब्ररी फोल्डरात मागे राहतातच. थापेतून मॅकही सुटलेला नाही. 2019 च्या कॅटालिनापासून मूळ यंत्रणा वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या कप्प्यात बंद आहे आणि कॅल्क्युलेटर तिथंच राहतो. आपण घातलेली ॲप्स दुसऱ्या कप्प्यात. फाइंडर या फायली दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र ॲप्लिकेशन्स उघडलं की दोन्ही एकाच फोल्डरात नांदताना दिसतात.

खिशातल्या अँड्रॉइडनं तर युनिक्सचा मूळ विचारच उलटा करून वापरला. अनेक माणसांनी एक यंत्र वापरावं आणि एकाच्या फायली दुसऱ्यानं उघडू नयेत, म्हणून युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असे. फोन तर एकाच माणसाचा. म्हणून अँड्रॉइड इन्स्टॉल केलेल्या प्रत्येक ॲपलाच स्वतंत्र वापरकर्ता मानतं आणि 10000 पासून पुढचा एक क्रमांक देतं. यंत्रणेच्या लेखी तुमच्या फोनवर शंभरेक माणसं राहतात, आपापल्या खोलीला कडी लावून, आणि त्यातला एक तुमचा कॅल्क्युलेटर.

या जुन्या नावांच्या ओझ्याला वैतागून बंड करणारेही झाले. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या गोबोलिनक्सनं प्रोग्राम्स नावाचं फोल्डर काढलं, त्यात प्रत्येक प्रोग्रामचं आणि त्याच्या आत प्रत्येक आवृत्तीचं. वाचूनच कळावं असं स्वच्छ. पण बिन आणि यूएसआर ही नावं पाठ असलेले प्रोग्राम तिथंही चालवायचे होतेच. म्हणून ती फोल्डरं लिंकांच्या रूपात ठेवली आणि कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात, खास फेरफार करून डोळ्यांआड केली. आहेत, पण दिसत नाहीत.

त्याहून पुढे गेलं निक्स, प्रोग्राम बसवण्याचं एक अवजार. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रानं 2006 च्या आपल्या प्रबंधात त्याची मांडणी केली. निक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम निक्स, स्टोअर या फोल्डरात जातो आणि त्याच्या नावाआधी 32 अक्षर-अंकांचा ठसा असतो. तो कशापासून, कोणत्या लायब्रऱ्या घेऊन, कोणत्या सूचनांनी बांधला, त्या सगळ्यातून हा ठसा निघतो. यातलं तसूभर काही बदललं तर ठसा बदलतो, म्हणजे पत्ताही बदलतो. त्यामुळे एकाच प्रोग्रामच्या दहा आवृत्त्या शेजारी शेजारी राहिल्या तरी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, आणि नवी आवृत्ती बिघडली तर जुनीवर परत जाता येतं. निक्सओएस या त्यावर उभारलेल्या यंत्रणेत जुनी बिन-यूएसआर व्यवस्था मोडीतच काढलेली आहे.

जवळजवळ. निक्सओएसवर बिन उघडलं तर आत साधारणपणे एकच नाव दिसतं: एसएच. यूएसआरमधल्या बिनमध्येही एकच: ईएनव्ही. जगातल्या अगणित स्क्रिप्टांच्या पहिल्याच ओळीत यांपैकी एकाचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि तेवढ्या सगळ्या ओळी बदलणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. एसएच आज्ञा वाचून त्या पार पाडतो. आणि त्या स्क्रिप्टांसाठी ईएनव्ही जे काम करतो ते एवढंच: दुसऱ्या प्रोग्रामचं नुसतं नाव घेऊन तो या यंत्रावर कुठे राहतो ते शोधायचं आणि त्याला सुरू करून द्यायचं.